चावी हाजिर हो!

काकांच्या आवाजाची चाचणी घेतली त्या सकाळी भिंतीपलीकडच्या बालवाडीतली सगळी मुलं एकदम उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, इन्स्पेक्शनला साहेब आले.

आमचं रेडिओ केंद्र घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत होतं, समाजमंदिराच्या माडीवर. दोन खोल्या. एकीत माइक, यंत्रं आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला ठोकलेले अंड्यांचे ट्रे. दुसरीत एक टेबल, पाण्याचा फिल्टर आणि मी. वस्तीतल्या लोकांनी वस्तीतल्या लोकांसाठी चालवायचा छोटा रेडिओ, डोंगर उतरला की ऐकू येणार नाही एवढाच. मी मुलुंडहून यायचे आणि केंद्र सांभाळायचे, म्हणजे सरकारी परवान्याच्या अटी पाळण्यापासून झाडू मारण्यापर्यंत सगळं.

काका वांद्र्याला एका कोर्टात पट्टेवाले होते. खटल्याची वेळ झाली की कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांची नावं मोठ्याने पुकारायची, हे त्यांचं जन्मभराचं काम. रिटायर झाले, पण आवाज रिटायर झाला नाही. वस्तीत त्यांना सगळे हाजिरकाका म्हणायचे. मी नुसतं काका म्हणायचे.

"काका, जरा हळू. समोर माइक आहे," मी म्हटलं.

"मग बंद कर तो. फुकट लाइट जळते."

शेवटी तोडगा निघाला. माइक आत, काका बाहेर जिन्यावर, मधलं दार अर्धं उघडं. ते केंद्रावर होते तोवर काकांनी एक दिवस सोडला तर कधी माइकचं तोंड पाहिलं नाही. जिन्यावरून कोणी पाण्याचा हंडा घेऊन चाललं असेल तर तोही आवाज कार्यक्रमात यायचा. कोणाची तक्रार नव्हती.

एक सांगायला हवं. खऱ्या कोर्टात "हाजिर हो" असं कोणी ओरडत नाही. हे मला काकांनीच सांगितलं. तिथे नुसतं नाव घेतात, तेही कंटाळलेल्या आवाजात. "पण लोकांना सिनेमातलं कोर्ट आवडतं," ते म्हणाले. "खरं कोर्ट दाखवलं तर रेडिओ बंद करून झोपतील."

कोर्ट त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातल्याशिवाय ते दूध आणायलाही जात नसत. मी टेबलाशी बसलेली असताना उंबऱ्यावर थांबायचे आणि मी मान हलवल्यावरच आत यायचे. मला "शिरस्तेदारीण" म्हणायचे, कारण कोर्टात कागद सांभाळतो तो शिरस्तेदार आणि कागद माझ्याकडे होते. जेवायला बोलावलं आणि भूक नसली तर "जेवण दुपारपर्यंत तहकूब" असं सांगायचे. दोन बायका दोरीवरच्या कपड्यांवरून भांडायला लागल्या की मध्ये उभे राहून कलम ठोकायचे. "दुसऱ्याच्या दोरीवर लुगडं वाळत घालणं, कलम चारशे बावन्न!" आकडा मनाला येईल तो. वस्तीतला एकजण लॉ कॉलेजला जायचा. त्याने एकदा सांगून पाहिलं की काका, असं कलम नाही. काका म्हणाले, "तुझं पुस्तक जुनं झालं. कायदा बदलला." आणि नेमके त्याच सुमारास देशातले फौजदारी कायदे खरंच बदलले होते, त्यामुळे तो बिचारा गप्प बसला. काकांनी तो खटला जिंकल्यातच जमा धरला.

एवढा आवाजाचा माणूस, पण घरात बोलत नसे. काकू शिवणकाम करायच्या. बारीक अंगाच्या, तोंडात कायम टाचणी. "बाहेर काय ती बोंब मारा," त्यांनी लग्नानंतर लगेच सांगून टाकलं होतं. "उंबऱ्याच्या आत मला आवाज नको." काकांनी तो निकाल अपील न करता मान्य केला. चहा हवा असला की ते रिकामा कप वर धरायचे. साखर कमी पडली की तोच कप जरा वाकडा धरायचे. मी त्यांच्या घरी गेले की मला मूकनाट्य बघायला बसल्यासारखं वाटायचं.

काकांच्या आधी आमचा रेडिओ फार सज्जन होता. सकाळी भजनं किंवा बुद्धवंदना, मग पाककृती, मग एखादे डॉक्टर डेंग्यूवर बोलायचे. डॉक्टर चांगले होते, फक्त ऐकत कोणी नव्हतं. नव्या मोबाइलमध्ये रेडिओ नसतो, म्हणून आम्ही सविताच्या पिठाच्या गिरणीत, सलूनमध्ये आणि चहाच्या टपरीवर छोटे रेडिओ ठेवले होते. डेंग्यू सुरू झाला की तिन्हीकडे आवाज बारीक व्हायचा.

काकांचं म्हणणं वेगळं होतं. "लोकांना सल्ला नको असतो, शिरस्तेदारीण. लोकांना दुसऱ्याची फजिती पाहिजे असते. ती द्या, सल्ला मागून आपोआप येईल."

मी परवान्यावर बोट ठेवलं. आमच्यासारख्या रेडिओला बातम्या द्यायची परवानगी नाही, राजकारण तर नाहीच नाही. ट्रस्टच्या मॅडम बीकेसीतल्या ऑफिसातून दर आठवड्याला मला तेवढंच बजावायच्या.

"बातमी कोण देतंय? राजकारण कोण करतंय?" काका म्हणाले. "मी फक्त पुकारा करतो."

तसा 'पुकारा' सुरू झाला. नियम काकांचेच. कोणाचं नाव घ्यायचं नाही, फक्त गल्ली आणि करणी सांगायची. तीनदा पुकारायचं. ज्याला पुकारलं त्याने केंद्रावर येऊन माइकवर आपली बाजू मांडायची. आला तर चहा आणि टाळ्या. नाही आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पुकारा, आणि मग एकतर्फी निकाल.

पहिला आरोपी मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. "बुद्धविहारामागच्या गल्लीत गटाराच्या झाकणावर रोज रिक्षा लावणारे गृहस्थ, हाजिर हो!" हे गृहस्थ तेव्हा सलूनमध्ये दाढी करून घेत होते. डोक्यावर रेडिओ. सगळं सलून त्यांच्याकडे बघायला लागलं. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाला, "जाऊन या, मग उरलेली करू." ते एका गालाला फेस तसाच ठेवून माडी चढले आणि माइकसमोर म्हणाले, "मी नाय लावत. माझा मेव्हणा लावतो." दुसऱ्या दिवशी मेव्हणा आला. तो म्हणाला, लावतो, पण गटार तुंबलंय म्हणून लावतो, झाकण उघडलं की वास येतो. मग कोणीतरी फोन करून विचारलं, गटार तुंबवतं कोण? तिथून जी मजा सुरू झाली, ती अर्ध्या गल्लीची साक्ष होईपर्यंत थांबली नाही. रविवारी सगळ्यांनी मिळून गटार उपसलं. रिक्षावाल्याने गाळ वाहून नेला. त्याच्या दोन्ही गालांची दाढी तोवर झालेली होती.

डेंग्यूच्या डॉक्टरांनाही मग श्रोते मिळाले. पुकाऱ्याच्या आधी त्यांना बसवलं, आणि पुकारा चुकू नये म्हणून लोक डेंग्यू ऐकायला लागले.

एकदा मात्र काकांची चांगलीच वाट लागली. केंद्रावर एका बाईचा फोन आला. आवाज दबका, ओठ मिटून बोलल्यासारखा. "नळ तसाच वाहता सोडून पेपर वाचत बसणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. पुकारा त्यांना." काकांना असले खटले फार आवडायचे. पाण्याची वेळ, नळ वाहता, वर पेपर! ते जिन्यावर उभे राहून पूर्ण ताकदीने ओरडले. पहिला पुकारा झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला "म्हातारे गृहस्थ" इथपर्यंत आले आणि थांबले. मी आतून पाहिलं तर ते आपल्या घराच्या दिशेने बघत होते.

मग एकदम बारीक आवाजात म्हणाले, "हाजिर आहे."

शिक्षाही त्यांनीच ठोठावली, आठवडाभर समाजमंदिराच्या पायऱ्या झाडण्याची. काकू आपला कार्यक्रम ऐकत नाहीत असं ते तोवर सगळ्यांना सांगत असत. त्यानंतर सांगायचे बंद झाले. मी काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मला कुठे वेळ असतो गं?" आणि तोंडातली टाचणी दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली.

आता चावीचं सांगते.

डोंगराच्या वरच्या अंगाला नवा सार्वजनिक संडास बांधून तयार होता. निळ्या टाइल्स, वर पाण्याची टाकी, बायकांसाठी वेगळा भाग. दाराला मोठं कुलूप. दारावर एक बॅनर, त्यात हात जोडलेले भाऊ आणि खाली अक्षरं, 'वचनपूर्ती'. भाऊ आमच्याच वस्तीतले, बॅनरवर त्यांच्या नावाआधी कायम 'भावी नगरसेवक' असायचं. संडास बांधला पालिकेच्या पैशांतून ठेकेदाराने, पण उद्घाटन भाऊंना मोठ्या साहेबांच्या हस्ते हवं होतं. साहेबांना वेळ नव्हता. म्हणून कुलूप. जुना संडास अर्धा खचलेला होता, तिथे जायची कोणाची हिंमत नव्हती. बायका पायऱ्या उतरून पार खाली रस्त्याकडच्या संडासापर्यंत जायच्या आणि परत वर चढायच्या.

सविताची सून पोटुशी होती. ती त्या पायऱ्यांवरून घसरली. हॉस्पिटलात ठेवावं लागलं. बाळ वाचलं, पण डॉक्टरांनी तिला चढउतार बंद सांगितली. आता डोंगरावर राहणाऱ्या बाईने चढउतार बंद करायची म्हणजे काय करायचं?

सविता गिरणी बंद करून थेट केंद्रावर आली. केसांत पीठ, डोळे लाल.

"काका, पुकारा करा."

"कोणाचा?"

"ज्याच्याकडे चावी आहे त्याचा. पालिकेच्या ऑफिसात विचारलं तर सांगतात ठेकेदाराकडे. ठेकेदार सांगतो ऑफिसात. भाऊ सांगतात लवकरच. कोणाकडे आहे तेच कोणी सांगत नाही."

मी मध्ये पडले. "काका, भाऊंचं नाव घेतलंत तर परवाना जाईल. ऑफिसचंही नाही. राजकारण होईल."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "माणसाचं नाव नाही घ्यायचं ना? ठीक आहे. चावीचं घेतो. चावी कुठल्या पक्षाची असते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या वेळेला, सगळी वस्ती जागी असताना, जिन्यावरून आवाज गेला. "नव्या संडासाची चावी! राहणार, ठाऊक नाही! धंदा, काही नाही! हाजिर होऽऽ!"

गिरणीसमोरची रांग हसली. तिसऱ्या दिवशी एक वॉचमन आला आणि त्याने टेबलावर एक चावी ठेवली. "रस्त्यात सापडली काका. बघा हीच का?" काकांनी त्याला माइकसमोर बसवून दारातूनच रीतसर साक्ष घेतली. कुठे सापडली, कशी दिसते, पूर्वी कुठल्या कुलपाला लागत होती. तेवढं पुरे झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक घरातल्या अनाथ चाव्या घेऊन यायला लागले. ट्रंकेच्या, स्कूटरच्या, विकून टाकलेल्या कपाटांच्या. एक म्हातारे गृहस्थ मिलमधल्या आपल्या लॉकरची चावी घेऊन आले. मिल बंद पडून जमाना झाला होता, चावी मात्र तेल लावून ठेवलेली. लॉकरमध्ये काय होतं तेही त्यांनी सांगितलं. नव्या चपला होत्या, एकदाही पायात न घातलेल्या. एक नवी नवरी सासूच्या ट्रंकेची चावी ठेवून गेली आणि हळूच म्हणाली, "नाही सापडली तरी चालेल." टेबलावर जागा उरली नाही तेव्हा आम्ही बुद्धविहारातून परात आणली.

पुकारा आता सगळे ऐकत होते. पण संडास बंदच होता.

"चाव्या आल्या, कुलूप तिथेच आहे," सविता माइकवर म्हणाली. "मग लावून बघूया ना. रविवारी या सगळ्या."

रविवारी बायका आल्या. पुरुषही आले, पण जरा लांब उभे राहिले. परात मधोमध. सविता एकेक चावी उचलायची, कुलपाला लावायची, फिरवायची, आणि सगळ्या एका सुरात "नाऽय" म्हणायच्या. काका इस्त्रीच्या शर्टात बाजूला उभे. कोणीतरी पोलिसांना कळवलं असावं, कारण थोड्या वेळाने एक हवालदार धापा टाकत वर आले.

"कुलूप फोडताय काय?"

"छे साहेब," काका म्हणाले. "हातोडी नाही, पहार नाही. चावी हाजिर झालीय का ते बघतोय. चावी लावून बघणं गुन्हा आहे का?"

हवालदारांनी विचार केला. कुठलं कलम लावावं ते त्यांनाही सुचेना. काकांनी सुचवायला तोंड उघडलं, मी त्यांचा शर्ट ओढला. हवालदार तिथेच कठड्यावर बसले आणि बघायला लागले. परात अर्धी झाल्यावर त्यांनाच राहवेना. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून म्हणाले, "ही माझ्या घराची. बघा लागते का."

तेवढ्यात भाऊ आले. पांढरे कपडे, मागे दोन माणसं, चेहऱ्यावर बॅनरवरचंच हसू.

"काका, हे काय लावलंय? मोठे साहेब तारीख देतायत. रीतसर उद्घाटन होणार आहे. एवढे दिवस थांबलात, आता थोडी कळ काढा."

"तीच तर काढतोय भाऊ!" सविता म्हणाली.

बायका अशा हसल्या की हवालदारांनी टोपी तोंडापुढे धरली. भाऊ लाल झाले. आता बाचाबाची होणार, आपला परवाना जाणार, मॅडमना काय सांगायचं, असं सगळं माझ्या डोक्यात एकदम सुरू झालं. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि एक आजी काठी टेकत पुढे आल्या. भाऊंच्या आई.

"आई, तू कशाला आलीस?"

आजींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कमरेची पिशवी सोडली, त्यातून लाल दोऱ्यात ओवलेली एक चावी काढली आणि काकांपुढे धरली.

"गिरणीत आयकलंय मी. रोज पुकारतास. माझ्या झिलान देवाच्या फळयेखाली टांगून ठेवलेली. म्हटला, एवढ्या मोठ्यान बोलावतत तर जावक नको?"

काका चावी घ्यायला पुढे झाले नाहीत. ते ताठ उभे राहिले, कोर्टात न्यायाधीश आत येताना उभे राहत असतील तसे. आजींनी स्वतःच कुलूप काढलं आणि दार ढकललं.

"आई, अगं उद्घाटन..." भाऊ कसेबसे म्हणाले.

"उद्घाटनच करतंय रे, बाजूक हो! माझे गुडघे खाली उतराक तयार नाय आता."

आणि दार आतून लागलं.

मग जो गलका झाला तो मला सांगता येणार नाही. आजी बाहेर आल्या तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. आजी म्हणाल्या, पाणी चांगला येता. सविता धावत खाली गेली आणि सुनेचा हात धरून तिला हळूहळू घेऊन आली. भाऊंची दोन माणसं बॅनर सरळ करायच्या निमित्ताने बाजूला सरकली. हवालदारांनी आपला जुडगा परातीतून उचलला आणि मला विचारलं, "पुरुषांची बाजू पण उघडली ना?"

भाऊंना आईवर रागावता येत नव्हतं. म्हणून ते रेडिओवर रागावले. ट्रस्टकडे तक्रार गेली की केंद्रावरून राजकारण चालतं, जमाव जमवला जातो. मॅडमचा फोन आला. चौकशी होईपर्यंत 'पुकारा' बंद. हे काकांना मलाच सांगावं लागलं. मला वाटलं ते चिडतील, एखादं कलम काढतील. त्यांनी नुसती मान हलवली.

"तहकूब म्हणजे बंद नाही," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. चष्मा टेबलावरच विसरले. मी तो घरी नेऊन दिला तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. इस्त्रीचा शर्ट खुंटीला होता. काकांना मी बनियनवर पहिल्यांदाच बघत होते.

आठवड्याने काकू केंद्रावर आल्या. टाचणी तोंडातून काढून हातात धरली, म्हणजे मामला गंभीर.

"यांना परत घ्या."

"काकू, माझ्या हातात नाहीये. मॅडम येणार आहेत चौकशीला."

"कधी येणार? ते घरात बोलायला लागलेत गं! मीठ हाजिर हो, टॉवेल हाजिर हो. काल रात्री झोपेत मलाच हाजिर केलं. मी काय करू? मला ब्लाउजची मापं ऐकू येत नाहीत."

मॅडम आल्या त्या ऐन उन्हात. गाडी डोंगराच्या पायथ्याशी थांबली, पुढे पायऱ्या. वर येईपर्यंत त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मॅडम वाईट नव्हत्या. नियमाच्या होत्या. त्यांना प्रत्येक गोष्ट क्रमाने हवी असायची. काकांनी उंबऱ्यावर थांबून परवानगी मागितली, आत आले आणि सगळ्यांत आधी काकूंनी केलेलं कोकमचं सरबत मॅडमपुढे ठेवलं.

"आधी घसा ओला करा मॅडम. मग साक्ष."

मॅडमनी विचारलं, पहिला पुकारा कोणाच्या सांगण्यावरून केला? काकांनी उत्तर देताना वांद्र्याच्या कोर्टातल्या एका म्हैस-चोरीच्या खटल्याची पूर्ण हकिकत सांगितली. ग्लास रिकामा झाला, काकांनी भरला. मॅडमनी विचारलं, कुठल्या राजकीय व्यक्तीचा उल्लेख झाला का? काकांनी म्हैस शेवटी कोणाची निघाली ते सांगितलं. ग्लास पुन्हा भरला. मग चहा आला. मग पाणी. मी दोनदा खुणेने विचारलं, काका, हे काय चाललंय? त्यांनी माझ्याकडे अशा निरागस चेहऱ्याने पाहिलं की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

शेवटी मॅडम माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "इथे... वॉशरूम कुठे आहे?"

समाजमंदिरात नव्हती. मी त्यांना घेऊन वर गेले. निळ्या टाइल्ससमोर बायकांची रांग होती. मॅडम पुढे सरकल्या तशी सविता म्हणाली, "मॅडम, लाइन आहे." मी मरणाची लाजले. मॅडम मुकाट्याने मागे जाऊन उभ्या राहिल्या.

मला वाटलं होतं बायका त्यांच्याकडे रेडिओची शिफारस करतील. कोणीच केली नाही. त्यांनी मॅडमना विचारलं, कुठून आलात, मुलं किती, या उन्हात पायऱ्या कशा चढलात. मग एकीने सांगितलं, मी स्कूटरची चावी दिलेली. दुसरी म्हणाली, मी सासूच्या ट्रंकेची, अजून परत घेतली नाही. सविताने सुनेचं सांगितलं. थोडक्यात, हात पदराला पुसत. मॅडमनी विचारलं, "आणि हे उघडं नसतं तर आत्ता मी कुठे गेले असते?" सविताने खाली रस्त्याकडे बोट दाखवलं. मॅडमनी त्या सगळ्या पायऱ्यांकडे एकदा नीट बघितलं. मग त्यांचा नंबर आला.

परत आल्यावर त्या टेबलाशी बसल्या.

"कार्यक्रम चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "पण कुठल्याही अधिकाऱ्याला, पुढाऱ्याला हाजिर करायचं नाही. कधीच नाही."

"मंजूर," काका म्हणाले. "वस्तूंना चालेल?"

"वस्तूंना... चालेल."

काकांचा चेहरा असा उजळला की मॅडमना लगेच आपली चूक कळली असावी. पण निकाल देऊन झाला होता. जाताना त्यांनी विचारलं, "आजोबा, खरं सांगा. एवढं सरबत मुद्दाम पाजलंत ना?"

"साक्षीदाराला पाणी विचारणं कायद्यातच आहे मॅडम," काका म्हणाले. या वेळी कलमाचा आकडा मात्र सांगितला नाही.

त्यानंतर वस्तीतल्या वस्तूंचं काही खरं नव्हतं. रस्त्यावरचा दिवा हाजिर झाला. दवाखान्यातलं बी.पी. मोजायचं मशीन हाजिर झालं. कचऱ्याची गाडी पुकारली तर ड्रायव्हर स्वतः माइकवर येऊन म्हणाला, गाडी वर यायला तयार आहे, तुमच्या मोटारसायकली रस्त्यातून हटवा. त्या हटवायला लोकांनी आपसांत पाळ्या लावल्या. भाऊसुद्धा एकदा येऊन गेले. त्यांना पाण्याची पाइपलाइन पुकारायची होती. काकांनी त्यांना चहा दिला, आणि पुकारा करताना 'भावी' हा शब्द मुद्दाम पाइपलाइनच्या आधी लावला.

पुढे काकूंचेही गुडघे गेले. डोंगरावर राहणं जमेना. दोघांनी कोकणात गावी जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी काका जिन्यावर थांबले नाहीत. आत आले, माइकसमोर खुर्चीवर बसले आणि अगदी हळू बोलले. काकांच्या वेळेला आम्ही यंत्र जिन्यावरच्या मोठ्या आवाजासाठी अगदी बारीक करून ठेवायचो, ते तसंच राहिलं, त्यामुळे बाहेर कोणालाच काही ऐकू गेलं नाही. सलूनमधून फोन आला, आज काका आले नाहीत का? काकांचं बोलणं मी एकटीने ऐकलं, शेजारी बसले होते म्हणून.

ते म्हणाले होते, "कोर्टात मी हाक मारली की माणूस घाबरून यायचा. जन्मभर तेच बघितलं. इथे हाक मारली तर माणसं हसत आली. मला वाटलं नव्हतं असं होईल." मग माइककडे बघून म्हणाले, "एवढंच," आणि उठले.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. गावाला जाऊन त्यांची मालवणी परत वर आली होती. मी विचारलं, करमतं का? रेडिओ नाही, काही नाही.

"रेडिओ नाय गो," काका म्हणाले. "पण देवळार भोंगो आसा."

मी कपाळाला हात लावला. "काका, काय पुकारलंत?"

"व्हाळावरचो साकव. तुमच्या भाषेत ओढ्यावरचो छोटो पूल. कागदार बांधून झालोहा, लोकांका दिसना नाय. म्हणून बोलावतंय. रोज सकाळी, आरतीनंतर."

"आणि सरपंच काय म्हणतात?"

"माणूस बरो आसा. पण हल्ली माका बघल्यार वाट बदलता. काल तर तो व्हाळातसून गेलो, धोतर वर धरून. साकव असतो तर भिजलो नसतो."